पाणी ऐकतं

“खाली बघा भाभी, खाली. चिखलात. ते लांब पायांचं उभं आहे ना, ते.”

आमिनाभाभींनी दुर्बीण जराशी खाली केली, माझ्या समाधानापुरती. “हां, दिसला,” म्हणाल्या. मी माझ्या लेकीच्या, स्मृतीच्या, टोपीची नाडी बांधायला वाकले आणि पुन्हा वर बघितलं, तर दुर्बीण परत होती तिथेच गेली होती. चिखलाच्या पुढे, तिवरांच्याही पुढे, जिथे खाडी संपून उघडा समुद्र सुरू होतो त्या रेघेवर. पक्षी बघणाऱ्याची दुर्बीण सारखी हलते. पाखरू चार पावलं चालतं, उडतं, दुसरीकडे बसतं, त्याच्यामागे आपला हात जातो. भाभींचा हात हलत नव्हता. त्या रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या सावकाश जात होत्या आणि तशाच परत येत होत्या.

त्या रेघेवर एकही पक्षी नव्हता.

सौदीतल्या कतीफच्या बाहेर खजुरांच्या बागा संपतात तिथे बलदियाने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, एक पार्क करायला घेतलं होतं. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामधून गेलेली फळ्यांची वाट, झावळ्यांचं छप्पर असलेला एक आडोसा आणि पक्ष्यांची चित्रं काढलेली एक पाटी. उन्हाने चित्रांचे रंग उडून सगळेच पक्षी पांढरे झाले होते. बागांचं जास्तीचं पाणी खाडीला मिळतं तिथे पाणकणीस माजलं होतं, त्याच्या पुढे तिवरं, आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल, नजर पोचेल तिथपर्यंत. थंडीत तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरायचे. पुण्यात बी.एस्सी. करताना आमचे सर आम्हाला उजनीच्या पाण्यावर रोहित दाखवायला न्यायचे. लग्न करून या वाळवंटात आल्यावर पहिल्यांदा ते गुलाबी थवे दिसले तेव्हा मी गाडीत बसून रडले होते. गुरुनाथला, माझ्या नवऱ्याला, वाटलं मला उलटी होतेय.

त्याला पक्ष्यांचं काही नाही. तो मला न्यायचा, गाडी सावलीला लावायचा आणि तोंडावर पेपर घेऊन झोपायचा. तरी न्यायचा. बाईने एकटीने फिरायचं नाही, गाडी चालवायची नाही अशा गावात, आठवडाभर फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरचे पारवे बघणाऱ्या बायकोसाठी एवढं तो करायचा. कुवेतची लढाई सुरू झाल्यावर तर तो जुबैलला प्लँटवरच राहायला लागला. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लँट. वरून, कुवेतच्या बाजूने, तेलाचा तवंग येतोय, तो पाण्याबरोबर आत गेला तर अर्ध्या देशाचे नळ कोरडे पडतील, अशी बातमी होती. शुक्रवारी तेवढा घरी यायचा. डोळे लाल, अंगाला क्लोरीनचा वास. मी म्हणायचे, झोप. तो म्हणायचा, नको, पोरीला जरा उघड्यावर नेऊ, बघ कशी पिवळी पडलीय.

पिवळी पडणारच. आम्ही दोघी आठवडाभर एका खोलीत असायचो. खिडक्यांना प्लास्टिक, त्याच्या कडांना चिकटपट्टी, दाराच्या फटीत ओला टॉवेल. कंपनीने गॅसचे मास्क दिले होते ते मोठ्या माणसांचे. एक गुरुनाथ घेऊन गेला. दुसरा माझा. स्मृती चार वर्षांची, तिच्या मापाचा मास्क नव्हताच. एका दुपारी मी सुई-दोरा घेऊन माझ्या मास्कचे पट्टे दुमडले आणि तिच्या डोक्याला बसेल असे पक्के शिवून टाकले. ती आरशात बघून म्हणाली, “आय ॲम अ पेलिकन.” कुठेही जाताना त्या मास्कची पिशवी माझ्या खांद्याला असायची.

बिल्डिंग रिकामी झाली होती. वरचे केरळचे लोक गेले, समोरचे हैदराबादचे गेले. आम्हाला जायचं तर पासपोर्ट कंपनीकडे, आणि प्लँटवरच्या कोणालाच तेव्हा सुट्टी नव्हती. मी एकटीने पोरीला घेऊन जायला तयार नव्हते. जिन्यात चप्पल वाजली की ती आपलीच असायची. राहिल्या होत्या फक्त तळमजल्यावरच्या आमिनाभाभी.

भाभी हर्णैच्या. बिल्डिंगचा मालक अबू नबील हाच त्यांचा कफील, म्हणजे त्यांच्या व्हिसाचा जामीनदार. त्याच्या घरचा स्वयंपाक आणि धुणंभांडी त्या करायच्या, आणि त्यांचे यजमान सिराजुद्दीन त्याच्या मासेमारीच्या लाँचीवर इंजिन सांभाळायचे. दोघांना जिन्याखालची खोली दिली होती. तेरा-चौदा वर्षांची मैमुना तिकडे हर्णैला आजीजवळ. सिराजभाई किनाऱ्यावर असले की बिल्डिंगचा पाण्याचा पंपही तेच बघायचे. लाकडी मुठीच्या एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. “वयनी, आत बेरिंग खोकताय,” म्हणायचे. लाँच आली की आमच्या दाराशी पिशवीत हमूर नाहीतर कोळंबी लटकलेली असायची. कोणी ठेवली हे सांगायला कधी बेल वाजली नाही.

लढाई सुरू झाल्यावर एकदा मी विचारलं होतं, सिराजभाई दिसले नाहीत. भाभी म्हणाल्या, “लाँचीवर हायत. यायचे हायत.” मी चिकटपट्टीच्या नादात होते. बरं, म्हटलं.

मग एका शुक्रवारी सकाळी भाभी वर आल्या. हात पुसत दारातच उभ्या राहिल्या. “वासंती, तुमी पाखरां बगाया जाताव ना? मना पन न्या.”

मला किती आनंद झाला ते मी सांगू शकत नाही. इतक्या वर्षांत पक्षी बघायला माझ्याबरोबर कोणी येतो म्हटलं नव्हतं. मी त्यांना गाडीत नावं सांगत गेले. शेकाट्या, तुतवार, चिखल्या, कोरल. त्या “हां, हां” करत होत्या. तिवरं दिसल्यावर मात्र आपणहून म्हणाल्या, “आमच्या खाडीत हीच झाडां. पन आमची उंच.” टेकडीवर चढल्यावर मी माझी दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली. ती त्यांनी डोळ्यांना लावली ती काढलीच नाही. मला वाटलं, हिला गोडी लागली.

त्या पुढचा हा शुक्रवार. मी बघत होते त्यांच्या न हलणाऱ्या हाताकडे आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. लढाई सुरू झाली त्या दिवसापासून मासेमारी बंद होती. लाँची सगळ्या बंदरात बांधलेल्या, येताना आम्हाला रस्त्यावरून त्यांच्या काठ्या दिसायच्या. मग सिराजभाई कुठल्या लाँचीवर होते?

मी खाली उतरून गाडीशी गेले. काच ठोकली. गुरुनाथने पेपर बाजूला केला.

“सिराजभाईंची लाँच कुठे आहे रे?”

त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, “मला वाटलं तुला माहीत आहे.”

लढाई लागायच्या आदल्या दोन दिवसांत कधीतरी अबू नबीलची लाँच वर उत्तरेला गेली होती, कोळंबीसाठी. तिच्यावर चौघे होते. परत आली नव्हती. अबू नबील रोज बंदरावर जाऊन विचारत होता. कोणी म्हणे नेव्हीने अडवून कुठल्या बंदरात ठेवलीय, कोणी म्हणे पाण्यात सुरुंग सोडलेत. कोणालाच काही माहीत नव्हतं.

मी टेकडी परत चढले. पायाखालची वाळू खाली सरकत होती. भाभी होत्या तशाच उभ्या. स्मृती त्यांचा अबाया धरून त्यांना पाटीवरचे पांढरे पक्षी दाखवत होती, आणि त्या तिच्याकडे न बघता “हां बाय, हां बाय” म्हणत होत्या.

घरी आल्यावर संध्याकाळी त्या जिना पुसत होत्या, तिथे मी त्यांना थांबवलं. म्हटलं, भाभी, कोणाला तरी सांगायला हवं. गुरुनाथच्या ओळखीचे लोक आहेत, कोस्टगार्डकडे नाव देता येईल, माणूस हरवलाय म्हणून—

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. फिनेलचा वास येणारा ओला हात.

“तो शबुद नको काढू. आमच्यात असा बोलत नाय गो. दर्यावर गेलेला मानूस यायचा असता. बायकोने तोंडानं म्हनला का नाय आला, तर पानी ऐकता.” हात काढून त्यांनी पदराला पुसला. “माझी सासू नऊ म्हयने बोलली नाय. सासरा आला ना मंग. मालवनात ताप येऊन पडला होता.”

मी जीवशास्त्र शिकलेली. आणि रोज सकाळी स्मृतीच्या कानामागे काजळाचा टिळा लावल्याशिवाय मी चिकटपट्टी तपासायलाही जात नव्हते.

मी कोणाला काही सांगितलं नाही. पुढचे शुक्रवार आम्ही जात राहिलो. आता मी त्यांना चिखलात बघा म्हणायचे नाही. दुर्बीण त्यांच्या गळ्यात घालायचे आणि स्मृतीला घेऊन बाजूला बसायचे. कधी त्यांचा हात थांबला की मी उठून उभी राहायचे. मग तो हात पुढे सरकायचा. लाँचीला हिरवा पट्टा आहे आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, पत्र्याचं ठिगळ, एवढं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, सहज सांगितल्यासारखं. रोहित तेव्हा अगदी जवळ चरत होते, माना उलट्या करून. त्यांच्याकडे बघायला माझ्याजवळ दुर्बीण नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे माझंही लक्ष नव्हतं. मीसुद्धा त्या रेघेवर बघायला शिकले होते. आम्ही दोघी शेजारी बसून एकच गोष्ट बघत होतो आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. एवढी सोबत त्या गावात मला कधी मिळाली नव्हती, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी किनाऱ्याने जीप आली.

आधी आवाज आला तेव्हा स्मृतीला वाटलं सायरन, तिने दोन्ही हात पिशवीत घातले. मी म्हटलं, गाडी आहे गं. जीप टेकडीच्या पायथ्याशी थांबली आणि गणवेशातले दोघे वर चढायला लागले. एक विशीतला, हातात बंदूक. दुसरा वयस्कर, दाढी पिकलेली, चढताना दमत होता. तरण्याने येऊन भाभींच्या गळ्यातली दुर्बीण ओढलीच. पट्टा त्यांच्या डोक्यावरच्या कापडात अडकला.

“मम्नू,” तो म्हणाला. मनाई आहे. हा शब्द आम्हाला सगळ्यांना कळायचा.

गुरुनाथ पळत आला. एका पायात बूट, केस उभे राहिलेले, पेपरची शाई गालावर. त्याने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढून दाखवला, आणि तिथेच घोटाळा झाला. इकाम्यावर प्लँटचं नाव होतं. तरण्याने ते वाचलं, वयस्काला दाखवलं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. लढाई चालू, समुद्रातून कोण कधी येईल याचा नेम नाही, आणि पाण्याच्या प्लँटवर काम करणारा परदेशी माणूस बायका आणून टेकडीवरून दर्यावर दुर्बीण लावून बसलाय.

दुर्बीण कोणाची, विचारलं. मी म्हटलं माझी. कशाला? मी म्हटलं, “तुयूर.” पक्षी. मी चिखलाकडे बोट केलं. नेमके तेव्हा रोहित जीपच्या आवाजाने उडून गेले होते. ओल्या चिखलावर काहीच नव्हतं. तरणा हसला. चिडलेलं हसू नव्हतं ते. लढाईत कोणी पक्षी बघतं का, असं त्याला खरंच वाटत होतं, आणि मलाही त्या क्षणी दुसरं काही वाटलं नाही. मी त्या रंग उडालेल्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर सगळे पक्षी पांढरे.

वयस्काने गुरुनाथला म्हटलं, चल, चौकीवर चल. आवाज चढवला नाही. इकामा खिशात घातला. गुरुनाथने माझ्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली माझ्या हातात देऊ लागला. मग त्याच्या लक्षात आलं असणार की किल्ली घेऊन मी काय करणार. तो हात तसाच राहिला. तेवढ्यात माझ्या डोक्यातून सगळं गेलं. चौकी, तिथून दुसरी चौकी, फोन लागत नाहीत, बिल्डिंगमध्ये कोणी नाही, त्या खोलीत मी आणि स्मृती. तिने माझा पाय दोन्ही हातांनी धरला होता.

तेव्हा भाभी पुढे झाल्या.

त्या तरण्याकडे गेल्या नाहीत. वयस्कासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचं ओढलं गेलेलं कापड नीट केलं. त्यांचं अरबी स्वयंपाकघरातलं, तोडकंमोडकं, पण त्यांना ज्या तीन गोष्टी सांगायच्या होत्या त्यांना पुरेसं होतं.

“जौजी,” त्या म्हणाल्या. माझा नवरा.

मग हात लांब करून ती रेघ दाखवली. “फिल बहर.” समुद्रात.

मी त्यांचा दंड धरला. मला कळलं होतं त्या काय बोलणार. मी म्हटलं, “नको भाभी.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मा जा.”

आला नाही.

वारा होता, पाणकणसं वाजत होती. वयस्क माणूस भाभींकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, कोणाची लाँच? त्यांनी अबू नबीलचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला ठाऊक होती ती लाँच, त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. कतीफमधल्या बंदरावरच्या कोणाला ठाऊक नसेल? “अल्ला करीम,” म्हणाला तो, खाली बघून. खिशातून इकामा काढला आणि गुरुनाथला दिला. घरी जा, परत इथे दुर्बीण आणू नका, असं काहीतरी म्हणाला. दुर्बीण तरण्याने जीपमध्ये टाकली. ती सरांनी मला लग्नात भेट दिलेली होती, पण ती मागावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

गाडीत गुरुनाथच्या पायात अजून एकच बूट होता. दुसरा पळताना वाळूत निघाला तो टेकडीजवळच राहिला होता, त्यासाठी परत फिरायचं कोणी सुचवलं नाही. भाभी मागे स्मृतीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिच्या केसांतली वाळू एकेक चिमूट काढत होत्या. मी त्यांच्याकडे आरशातून बघत होते. त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या. रस्ता बंदरावरून जातो तिथेही नाही.

बिल्डिंगच्या दारात उतरल्यावर मी त्यांचा हात धरला. मला खूप बोलायचं होतं. म्हटलं, भाभी, पाण्याला कान नसतात. तुम्ही आमच्यासाठी बोललात, त्याने काही होत नाही, असं काही नसतं.

“तू बोलू नको त्यावर,” त्या म्हणाल्या. रागावून नाही. “पोरीच्या बापाला नेत होते. बोलले मी. बोलून टाकला.” आणि जिन्याखाली गेल्या.

पुढे लढाई संपली. रेडिओवर ऐकलं आणि मी आधी दाराच्या फटीतला टॉवेल काढला, मग पट्ट्या सोलल्या. भिंतीचा रंग पट्ट्यांबरोबर निघून आला. उजेड मात्र आत आला नाही, कारण कुवेतच्या विहिरी जळत होत्या आणि आमच्याकडेसुद्धा भर दुपारी आभाळ तव्यासारखं काळं असायचं. दोरीवरच्या चादरींवर काजळीचे ठिपके पडायचे. तवंग वर जुबैलच्या पलीकडे अडला होता, प्लँट वाचला. गुरुनाथ रोज घरी यायला लागला आणि आल्या आल्या झोपायला लागला. समोरचे हैदराबादचे लोक परत आले. जिन्यात पुन्हा दुसऱ्यांच्या चपला वाजायला लागल्या.

एका सकाळी अबू नबील आला. तो एरवी भाडं घ्यायलासुद्धा कोणाला तरी पाठवायचा, स्वतः आलेला मी कधी पाहिला नव्हता. जिन्याखालच्या खोलीच्या बाहेर उभा राहून तो बोलत होता, भिंतीकडे तोंड करून. मी वरच्या पायरीवर होते. लाँच सापडली होती. जुबैलच्या बरंच वर, तेलात, एका अंगावर कललेली. हिरवा पट्टा दिसत नव्हता, नाळेवरच्या ठिगळावरून ओळखली. तिच्यावर कोणी नव्हतं. इंजिनावरचं झाकण काढून ठेवलेलं होतं आणि दुरुस्तीची हत्यारं बाहेर होती. म्हणजे इंजिन बंद पडलं असणार आणि ते दुरुस्त करत बसले असणार, असं तो म्हणाला. पुढचं त्यालाही माहीत नव्हतं. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याने खाली पायरीवर ठेवलं आणि तो गेला.

लाकडी मुठीचा तो स्क्रूड्रायव्हर होता. तेलाने काळा झालेला. भाभींनी तो दिवसभर रॉकेलने पुसला.

रडल्या असतील तर मी ऐकलं नाही. मी दोनदा चहा घेऊन खाली गेले, दोन्ही वेळा त्यांनी तो प्यायला आणि कप धुऊन दिला. मी बोलायला लागले की त्या मैमुनाचं काढायच्या. पोरीला गणितात चांगले मार्क पडतात. तिला पुढे शिकवायला पायजे, तुझ्यासारखी. नवरा नाही म्हटल्यावर त्यांना इथे ठेवायचं कसं ते अबू नबीलला कळेना, आणि त्यांनाही राहायचं नव्हतं. पासपोर्टवर परत जायचा शिक्का बसला. जायच्या आदल्या दिवशी, सकाळी मी खाली उतरत होते तर पंप चालू होता. भाभी त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलेलं, मूठ कानाशी. मी पाय न वाजवता परत वर गेले.

तो शुक्रवारच होता. दुपारी त्या वर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या, पहिल्यांदा आल्या होत्या तशाच.

“आज जाताव का?”

मी म्हटलं, जाऊ.

गुरुनाथने गाडी सावलीला लावली. पेपर मागच्या सीटवर पडला होता, तो त्याने घेतला नाही. गाडीबाहेर येऊन, बॉनेटला टेकून उभा राहिला. आम्ही तिघी टेकडी चढलो. माझ्या खांद्याला मास्कची पिशवी नव्हती, आणि हात सारखा तिथे जात होता. वर आभाळ धुरकट, खाली ओहोटीचा चिखल. रोहित निघून गेले होते, त्यांचा मोसम संपत आला होता. किनाऱ्यालगत एक पाणकावळा पंख पसरून उभा होता. वरच्या तवंगातून तसाच आलेला असणार. पंखांवरचं तेल वाळून त्याची पिसं एकमेकांना चिकटली होती आणि ते पंख त्याला मिटता येत नव्हते.

भाभी फळ्यांच्या वाटेवर बसल्या. मी त्या रेघेकडे बघितलं. सवयच झाली होती. बघून झाल्यावर मला वाटलं, आता त्याही बघतील, आणि काय करावं ते मला सुचेना. मी त्यांच्या बाजूला बसले.

त्या चिखलात बघत होत्या.

बराच वेळ बघत होत्या. पायाशी पाणकणसांच्या कडेला काही बारके पक्षी चिखलात चोची खुपसून चालत होते. त्यांतला एक उंच, पांढऱ्या पोटाचा, गुलाबी काटक्यांसारख्या पायांचा, पाऊल उचलून टाकण्याआधी जरा थांबणारा.

“तो कोन गो?” त्यांनी विचारलं. “लांब पायांचा.”

पहिल्या शुक्रवारी गाडीत मी सगळ्यात आधी त्याचंच नाव सांगितलं होतं.

“शेकाट्या,” स्मृती म्हणाली. “मावशी, दॅट्स अ शेकाट्या.”

“शेकाट्या,” भाभी म्हणाल्या. “आनि तो पंख सुकवताय तो आमच्याकडं पन हाय.” मग पलीकडच्या, वाळूच्या रंगाच्या, धावत जाऊन थबकणाऱ्या पाखराकडे बोट केलं. “आनि तो?”

स्मृती त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि एकेक सांगायला लागली. चिखल्या. तुतवार. त्या तिच्यामागून हळू आवाजात म्हणत होत्या. मी ऐकत होते. लांबून भरती यायला लागली होती, चिखलातल्या बारक्या ओहोळांतून पाणी चकाकत आत शिरत होतं आणि पक्षी थोडे थोडे आमच्याकडे सरकत होते.

भाभींनी मान वर केली नाही.